वास आणि घास

अस्वलाचा फोटो काढायचा तर तोंडाचा काढून उपयोग नसतो, छातीचा लागतो. तोंडं सगळ्यांची सारखीच. छातीवरची पांढरी कोर मात्र प्रत्येकाची वेगळी. कुणाची जाड, कुणाची बारीक, कुणाची एका बाजूला कललेली. आता अस्वल चालणार चार पायांवर आणि छाती ठेवणार जमिनीकडे, म्हणून त्याला उभं करावं लागतं. त्यासाठी दोन खांब रोवायचे, वर आडवी काठी बांधायची, काठीला वासाची चिंधी लटकवायची आणि समोरच्या झाडाला कॅमेरा आवळायचा. अस्वल येतं, नाक वर करतं, मागच्या पायांवर उभं राहतं आणि कॅमेरा आपोआप आपलं काम करतो. माणूस तिथे नसतोच.

हे काम करणाऱ्याला गावात कॅमेरेवाला म्हणत. "तुझी गिऱ्हाइकं बरी," शेजारचा सुतार त्याला चिडवायचा. "फोटोत जाड दिसलो म्हणून भांडायला येत नाहीत." दोघे लहानपणापासूनचे दोस्त. दोघांची घरं गावाच्या टोकाला, जंगलाच्या अंगाला. मध्ये एक कुंपण होतं, पण जाऊन येऊन त्याला एवढं भोक पडलेलं की कुंपण आहे हे पाहुण्यांनाच दिसायचं.

काम ऐकायला गमतीचं, करायला हाडं मोडणारं. चढण चढायची, कॅमेऱ्यासमोरचं गवत कापायचं, नाहीतर वाऱ्यावर हलणाऱ्या गवताचेच फोटो निघत. सेल बदलायचे, कार्ड काढून दुसरं घालायचं. कॅमेऱ्याच्या पाठीशी मुंग्यांनी संसार थाटलेला असे, तो फुंकून उडवायचा आणि एखादी मुंगी डोळ्यात घेऊन उतरायचं. उतारावर गुडघे बोलायला लागत. कार्डं शहरातल्या मॅडमकडे जायची. त्या अस्वलांची गणती करत होत्या. त्यांनी कामावर घेतानाच एक गोष्ट सांगितली होती. "वास द्यायचा, घास द्यायचा नाही. इथे काहीतरी होतं असं अस्वलाला वाटलं पाहिजे, पण तोंडात काही पडता कामा नये. पडलं की ते विसरत नाही."

वासाचं पाणी त्याच पाठवायच्या. ते इतकं घाण होतं की बायकोने ती बाटली कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, आणि अंगावर सांडून आला त्या दिवशी नवऱ्यालाही नाही.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. डोंगरावरच्या झुडपांना फळ धरलं नाही, जे धरलं ते वाळून गळलं. ओढ्यात डबकी उरली. कार्डांत अस्वलं दिसत, पण खाली मान घालून चालत जाणारी. चिंधीकडे ढुंकून बघत नसत. उपाशी पोटाला नुसत्या वासाचं काय कौतुक? त्यातच बाटली संपली. मॅडम दुसरी पाठवते म्हणाल्या, ती येते येते म्हणत येईचना. छातीचा एक धड फोटो मिळेना तेव्हा कॅमेरेवाल्याचा चेहरा उतरला. काम जाईल अशी भीती नव्हती. पण आपल्याला जमत नाही असं मॅडमना वाटेल, हे त्याला लागत होतं.

बायकोच्या मधमाश्यांच्या पेट्या परसात होत्या. तिने बापाकडून ते काम शिकलं होतं आणि लग्नानंतर पहिल्या दोन पेट्या माहेराहून मांडीवर धरून आणल्या होत्या. पुढच्या सगळ्या सुताराने बनवून दिल्या. त्या दिवशी ती पेट्यांतली जुनी काळी पडलेली पोळी कापून घमेल्यात टाकत होती.

"हे घेऊन जा ना," ती म्हणाली. "नाहीतरी वितळवून मेणच करायचं. वास येतोच की याला."

"मॅडमना चालायचं नाही."

"मॅडम काय झाडावर बसून बघतायत?"

ओट्यावर म्हातारा, म्हणजे कॅमेरेवाल्याचा बाप, पाय चोळत बसला होता. तो म्हणाला, "पाहुण्याला एकदा जेवू घातलं की पुढच्या वेळी तो घर विचारत येतो."

"मामंजी, तुम्ही तर रोज जेवता. तुम्हाला कुठे घर विचारावं लागतं?"

म्हातारा खोकेपर्यंत हसला. कॅमेरेवालाही हसला. शहाणपणाची गोष्ट अशी हसण्यावारी गेली, आणि दुसऱ्या दिवशी पोळ्याचा तुकडा पिशवीतून डोंगर चढला.

पुढचं कार्ड मॅडमनी दिलेल्या टॅबला लावून बघताना त्याने बायकोला हाक मारून चुलीपासून उठवलं. फोटोत एक मादी ताठ उभी होती, दोन्ही पंजे वर, तोंड उघडं. छातीवरची कोर मधोमध तुटलेली, जणू कुणी बोटाने पुसली. पायाशी तिचं पिल्लू, गेल्या वर्षीचं, बऱ्यापैकी वाढलेलं, खाली पडलेला चुरा चाटत बसलेलं. त्याने तिथल्या तिथे तिचं नाव ठेवलं, तुटकी.

मॅडमचा फोन आला. "इतका स्पष्ट फोटो मी अजून पाहिला नव्हता! काय केलंत?"

"जागा बदलली," तो म्हणाला.

मग दर खेपेला पोळं जाऊ लागलं. बायको कार्डाची वाट बघू लागली. "आली का माझी बया?" असं ती त्याच्या पाठीवरची पिशवी उतरायच्या आत विचारायची. फोटो बोटांनी मोठा करायची. "किती वाळलीय बघा. बरगड्या मोजून घ्याव्यात. आणि तरी आधी पोराला खाली टाकतेय." काळ्या पोळ्याबरोबर ती आता मधाची एखादी कड ठेवू लागली. त्याने बघितलं आणि तीही पिशवीत भरली. फोटो पुरेसे झाले होते. आता ते दोघे अस्वलाला जेवू घालत होते आणि त्यात त्यांना बरं वाटत होतं. वाईट करायचं कुणाच्याच मनात नव्हतं, म्हणून तर कुणी थांबलं नाही.

एका सकाळी परसातली कडेची पेटी आडवी पडलेली दिसली. झाकण उचकटलेलं, चौकटी चिखलात, माश्या सैरभैर. बायको उघड्या हातांनी चौकटी गोळा करत राहिली. माश्या डसत होत्या, तरी तिने हात मागे घेतला नाही.

"रानडुक्कर असेल," म्हातारा म्हणाला. त्यालाही ते खरं वाटत नव्हतं.

कॅमेरेवाल्याने एक कॅमेरा आणून परसातल्या झाडाला बांधला. पुढच्या सकाळी त्याने कार्ड लावलं आणि बायको त्याच्या खांद्यावरून वाकली. पेट्या शाबूत होत्या. त्यांच्यासमोर तुटकी उभी होती, कॅमेऱ्याकडे छाती करून, पंजे खाली सोडून. वर लटकलेलं काही नव्हतं. तरी ती उभी होती, कुणी शिकवल्यासारखी. शिकवलं होतंच.

मग त्याने तो फोटो पुसून टाकला.

"गावात सांगूया का?" तिने विचारलं.

"सांगून काय होईल? बंदुका घेऊन निघतील. पेट्या हलवू. इथे काही मिळालं नाही की जाईल आपली वर."

ओढ्यापलीकडे तिच्या भावाचं शेत होतं. पेट्या तिकडे न्यायच्या ठरल्या. तिकडे अजून फुलं आहेत, असं लोकांना सांगायचं. पेट्या उचलायला सुतार आला, न बोलावता, नेहमीसारखा कुंपणाच्या भोकातून वाकून. त्याची उचल मोठी होती. एकटा पेटी पोटाशी धरून गाडीपर्यंत न्यायचा आणि वर म्हणायचा, "सासरी चाललात बायांनो, नीट राहा." मोडकी पेटी दिसल्यावर मात्र तो थांबला. उचकटलेल्या फळीवरून त्याने अंगठा फिरवला.

"वहिनी, हे काय झालं?"

कॅमेरेवाला गाडीची दोरी आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"पडली," बायको म्हणाली.

"माझी पेटी पडून अशी मोडत नाही हं. गावभर माझी बदनामी कराल." तो हसला. "द्या इकडे. सांधे नवे करून देतो."

आणि ती पेटी, मेणाने माखलेली, मधाचा वास मारणारी, त्याने काखेत मारून आपल्या शेडमध्ये नेली. दोघांनी ती जाताना बघितली. एक शब्द बोलायचा होता, तो कुणाच्याच तोंडून निघाला नाही. बोललं तर आधीचं सगळंच बोलावं लागलं असतं.

पेट्या गेल्यावर परस ओकंबोकं झालं. कॅमेऱ्यात कुणी आलं नाही. बायकोला जरा हायसं वाटलं. मग एका सकाळी, चहाचं पाणी उकळत असताना, कुंपणापलीकडून आधी लाकूड पडल्याचा आवाज आला आणि मग सुताराचा. त्याचा तसा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

कॅमेरेवाला घमेलं बडवत भोकातून पलीकडे धावला. शेडची मागची फळी फुटलेली होती. त्या फटीतून तुटकी बाहेर पडून पळाली, मागोमाग पिल्लू. शेडचं दार उघडायला गेलेला सुतार भुशात पडलेला, उजवा हात छातीशी धरून. हात म्हणावा असं त्याचं काही दिसत नव्हतं. शेजारी ती पेटी, पार फुटलेली. सुताराची बायको दारात उभी राहून नुसतं "अगं आई, अगं आई" करत होती. कॅमेरेवाल्याने अंगातला सदरा काढून हात गुंडाळला. सदरा लगेच भिजला.

हात वाचला, म्हणजे जागेवर राहिला. बोटं मिटेनाशी झाली.

गाव पेटलं. दिसेल ते अस्वल मारायचं असं म्हणणारे पुष्कळ निघाले; ज्यांनी आयुष्यात अस्वल पाहिलं नव्हतं ते सगळ्यांत पुढे. जंगलखात्याची माणसं आली, मॅडम आल्या. कॅमेरेवाल्याच्या ओट्यावरच सगळे बसले. शेडच्या फळीला अडकलेले केस मॅडमनी बघितले, ठसे बघितले.

"ही कोण, सांगता येईल?"

"तुटकी," कॅमेरेवाला म्हणाला. "मी पाहिलीय."

"मग बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही," मॅडम मोठ्याने म्हणाल्या, गावाला ऐकू जाईल अशा. मग त्याच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "भुकेने भरकटून आली असेल तर तिला धरून लांबच्या जंगलात सोडता येईल. पण माणसाच्या हातचं खायची चटक लागली असेल तर नाही. ती तिकडेही घरंच शोधणार. मग जन्मभर पिंजरा, दुसरा इलाज नाही. म्हणून विचारते. तुम्ही वासच देत होतात ना?"

दारामागे बायको उभी होती. ओट्यावर म्हातारा पाय चोळायचा थांबला.

"वासच," कॅमेरेवाला म्हणाला.

तुटकी सुटणार होती. आपण तिला घातलेलं तिच्या जिवावर बेतणार नव्हतं. त्याला वाटलं, आयुष्यात एक खोटं चांगल्या कामी आलं.

दुसऱ्या दिवशी दोघे नवरा-बायको दवाखान्यात गेले. सुतार उशीला टेकून बसला होता, हाताला पांढरं गाठोडं. त्यांना बघून त्याने तोंड हसरं केलं. "ये लेका. आता आपण कामं बदलू. कॅमेऱ्याचं बटण दाबायला एक बोट पुरतं म्हणे. रंधा तू मार."

"बटण दाबावं लागत नाही," कॅमेरेवाला म्हणाला. "आपोआप निघतो."

"म्हणजे तेही गेलं," सुतार म्हणाला. त्याची बायको त्याला चमच्याने भात भरवत होती. एक घास हनुवटीवर सांडला. पुसायला त्याचा उजवा हात उचलला गेला, अर्ध्यात थांबला आणि परत मांडीवर आला. त्याच्या बायकोने पुसलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "एक कळत नाही. माझ्या शेडमध्ये तिला काय मिळणार होतं रे? लाकूड न् भुसा. अस्वल भुसा खातं का?"

कॅमेरेवाल्याने खाली बघितलं. त्याच्या बायकोने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली.

"पेटी पडली नव्हती, भाऊजी," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. काळं पोळं, मधाची कड, पुसलेला फोटो, ओढ्यापलीकडची फुलं. न रडता सांगितलं, कारण रडून सांगितलं तर त्यांनाच आपली समजूत काढावी लागेल, असं तिला वाटलं. सुताराच्या बायकोचा चमचा वाटीतच राहिला. सुताराने ऐकलं आणि तोंड परत भिंतीकडे वळवलं.

"पेटी पडून अशी मोडत नाही, म्हटलं होतं मी," तो म्हणाला. त्यानंतर तो त्यांच्याशी काही बोलला नाही. थोडा वेळ उभे राहून दोघे निघाले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मॅडमना सांगायचं."

"तिचा जन्म जाईल पिंजऱ्यात."

"आणि तिकडे सोडली तर? तिकडेही कुणाची तरी घरं असतीलच. तिकडचाही कुणी सकाळी दार उघडायला जाईल." ती चालत राहिली. "माझी बया म्हणत होते मी तिला. आपणच घरी बोलावलं, आता आपणच धरून द्यायचं."

मॅडमना तिनेच सांगितलं. तो बाजूला उभा होता. मॅडम चिडतील असं दोघांना वाटलं होतं, पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळले. "बाटली मीच वेळेवर पाठवायला हवी होती," एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर वाटलं नसतं इतकं बायकोला ते ऐकून वाईट वाटलं.

"पिल्लाचं काय?" तिने विचारलं. "ते तर खालचा चुराच चाटायचं. फोटो बघा, एकदाही उभं राहिलेलं नाही."

मॅडमनी सगळे फोटो पुन्हा बघितले. खरंच, प्रत्येक फोटोत पिल्लू खाली बसलेलं होतं. "वयाने सुटं व्हायलाच आलंय," त्या म्हणाल्या. "काठीचा आणि खाण्याचा संबंध त्याच्या डोक्यात बसला नसेल तर राहील जंगलात. त्याला राहू द्या."

तेवढं एक हाती लागलं. ती रस्ताभर तेच म्हणत होती, पिल्लू तरी राहिलं.

पिंजरा डोंगराच्या पायथ्याला लावला. आत पोळं बांधायचं काम कॅमेरेवाल्याकडे आलं, कारण त्याच्या हाताच्या वासाला ती बुजत नव्हती. ओढ्यापलीकडून बायकोने ताजं पोळं कापून आणलं होतं, मधाने जड. बांधताना मध त्याच्या कोपरापर्यंत ओघळला. मग सगळे लांब गाडीत जाऊन बसले.

दिवस कलताना ती आली. पिल्लू झुडपाआड थांबलं. पिंजऱ्याचं दार उघडं होतं, पोळं समोर दिसत होतं. ती आत गेली नाही. दारासमोर थांबली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि छाती पुढे करून वाट बघत राहिली. तुटलेली कोर गाडीतूनही दिसत होती.

"हे काय करतेय?" खात्याच्या एका माणसाने विचारलं.

कॅमेरेवाल्याने दोन्ही हात तोंडावर घेतले, तर हातांना मधाचा वास येत होता.

शेवटी ती खाली टेकली आणि आत गेली. दार पडलं. पिल्लू पळालं ते त्याने बघितलं नाही, नुसतं झुडूप हलताना बघितलं.

पुढच्या हंगामात पाऊस बरा झाला. झुडपांना फळ धरलं. पेट्या परत आल्या, पण उचलायला कुणी आलं नाही. म्हाताऱ्याने आणि सुनेने मिळून एकेक ओढली. सुतार घरी आला होता. डाव्या हाताने रंधा धरायला शिकत होता, फळी पायाने दाबून. आवाज यायचा, रंधा चार वेळा चालायचा, मग काहीतरी आपटायचं. एके दिवशी कुंपणाच्या भोकावर फळी ठोकलेली दिसली. वाकडी, खिळे अर्धे आत, अर्धे वाकलेले. तशी फळी त्याने उभ्या जन्मात ठोकली नसेल. कॅमेरेवाला तिच्यासमोर उभा राहिला आणि परत फिरला. खिळे सरळ करून द्यावेत असं त्याच्या मनात आलं होतं. मनात आलं याचीच त्याला लाज वाटली.

मॅडमनी डोंगरावरचे खांब काढायला सांगितले होते. आता दुसऱ्या पद्धतीने मोजायचं होतं. तो एकेक जागा मोडत गेला. खांब उपटायचे, खड्डा बुजवायचा, कॅमेरा पिशवीत टाकायचा. तुटकीची जागा त्याने सगळ्यांत शेवटी ठेवली. तिथे काठीला दोरीचा तुकडा तसाच लोंबत होता.

संध्याकाळी ओट्यावर त्याने ते कार्ड लावलं. बायको हात पुसत येऊन बसली. गवत, गवत, एक साळिंदर, पुन्हा गवत. मग पिल्लू. आता त्याला पिल्लू म्हणवत नव्हतं, अंग भरलं होतं, केस चकाकत होते.

"केवढं झालंय बघा!" ती म्हणाली. तिच्या आवाजात किती तरी दिवसांनी जीव आला होता.

त्याने पुढचा फोटो लावला. रिकाम्या काठीखाली ते मागच्या पायांवर उभं होतं. पंजे खाली सोडलेले, छाती कॅमेऱ्याकडे. कोर अखंड होती, स्वच्छ, कुठेही न तुटलेली. पुढच्या फोटोतही तसंच. त्याच्या पुढच्याही.

"खांबाला काही नव्हतं ना?"

"काही नव्हतं. कधीपासून काही नाही."

कुंपणापलीकडे रंधा चार वेळा चालला आणि थांबला. कॅमेरेवाल्याचं बोट फोटो पुसायच्या बटणावर होतं. त्याने ते तिथे कधी नेलं, त्यालाही कळलं नव्हतं. म्हाताऱ्याने ते बघितलं.

बायकोने त्याचं बोट धरून बाजूला केलं. त्याच्या खिशातून फोन काढला, मॅडमचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"मागच्या वेळी मी बोलले," ती म्हणाली. "आता तुम्ही बोला."

"हं, बोला," मॅडम पलीकडून म्हणाल्या. "निघाले का सगळे खांब?"

त्याला हो म्हणून फोन ठेवता आला असता. समोरच्या फोटोत ते उभंच होतं, मान वर करून.

"मॅडम," तो म्हणाला, "अजून एक आहे."